‘नर्सला दाखवून आलास होय?’

मागच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडं अमेरिकेत आली होती. आल्यावर आठवडाभरात मी माझ्या बीपीच्या चेकअपला जाऊन आलो तर तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, डॉक्टर नाही गं, नर्स प्रॅक्टिशनर आहे, तीच बघते मला. आईनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "नर्सला दाखवून आलास होय? एवढा इन्शुरन्स भरतोस आणि डॉक्टर मिळत नाही तुला?"

मी तिला समजवायला लागलो की अगं ही आपल्याकडची इंजेक्शन देणारी सिस्टर नाही, हिचं शिक्षण जास्त असतं, ही तपासते, निदान करते, औषधं लिहून देते, आणि बोलता बोलता माझं मलाच जाणवलं की मी पॉलिसी विकणाऱ्या एजंटसारखा बोलतोय. कारण आईचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. आठ वर्षांपूर्वी आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला शिफ्ट झालो तेव्हा मीही फोनवरच्या रिसेप्शनिस्टला जवळपास हेच विचारलं होतं. डॉक्टरांची नवीन पेशंटसाठीची अपॉइंटमेंट साडेतीन महिन्यांनी होती, नर्स प्रॅक्टिशनरची पुढच्या मंगळवारी, आणि माझ्याकडं बीपीच्या गोळ्या उरल्या होत्या दहा. घेतली मंगळवारची. तत्त्वबित्त्व काही नव्हतं त्यात, गोळ्यांचा हिशोब होता नुसता.

त्या मंगळवारी काय झालं ते सांगतो. पन्नाशीच्या आसपासच्या बाई होत्या, चाळीस मिनिटं बसल्या समोर. बीपी दोन्ही हातांवर घेतलं. काय खातोस विचारलं, आणि मी ‘हेल्दी, व्हेजिटेरियन’ असं ठोकून दिलं तर थांबल्या नाहीत, सकाळी काय, दुपारी काय, सोबत तोंडी लावायला काय, असं करत करत लोणच्यापर्यंत आणि पापडापर्यंत आल्या. लोणच्यात मीठ किती असतं ते त्यांनी माझ्यासमोर शोधून वाचलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला घरच्या बरणीची लाज वाटली. थकवा येतो म्हटल्यावर बी ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासायला टाकलं, बी ट्वेल्व्ह खूप कमी निघालं. आधीच्या गावातले डॉक्टर चांगले होते पण सात मिनिटांच्या वर ते माझ्या वाट्याला कधी आले नाहीत आणि थकव्याचा विषय निघायच्या आत त्यांचा हात दाराच्या मुठीवर असायचा.

एवढ्यावरून मी निष्कर्ष काढला असता की नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरपेक्षा भारी, तर तो चुकीचा ठरला असता. मला जे आवडलं ते चाळीस मिनिटं होती. ती डॉक्टरनं दिली असती तरी आवडलीच असती.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथं आधी चार वर्षांची नर्सिंगची डिग्री, बऱ्याच जणींचा मग काही वर्षं हॉस्पिटलमधला अनुभव, मग दोन-तीन वर्षांची मास्टर्स किंवा त्याच्याही वरची डिग्री, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन. फॅमिलीची वेगळी, लहान मुलांची वेगळी, मानसिक आजारांची वेगळी. आज अमेरिकेत अशा चार लाखांवर नर्स प्रॅक्टिशनर आहेत. निम्म्याहून जास्त राज्यांत, आमच्या कोलोरॅडोतही, त्या डॉक्टरच्या सहीशिवाय स्वतंत्रपणे काम करू शकतात, टेक्साससारख्या राज्यात औषध लिहायला डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो.

आणि हे सगळं सुरू झालं ते आमच्या इथंच, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. १९६५ साली लोरेटा फोर्ड नावाच्या पब्लिक हेल्थ नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं कोलोरॅडो विद्यापीठात पहिला कोर्स काढला, लहान मुलांच्या तपासणीसाठी. फोर्डबाई आधी इथल्या ग्रामीण भागात फिरून काम करायच्या, तिथं डॉक्टर नव्हतेच, त्यामुळं मुलांची वजनं, लसी, आईचे प्रश्न, खोकला, जुलाब, सगळं नर्सच निस्तरत होती, फक्त तसं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी काय केलं तर जे काम नर्सेस गुपचूप करतच होत्या त्याला शिक्षण आणि नाव दिलं. त्याच वर्षी मेडिकेअर आणि मेडिकेड, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा आणि गरिबांसाठीचा सरकारी विमा आला, म्हातारे आणि गरीब एकदम डॉक्टरांच्या दारात आले आणि डॉक्टर कमी पडायला लागले, त्यामुळं या कल्पनेला वाराही मिळाला. विरोधही झाला हो, आणि तो फक्त डॉक्टरांकडून नव्हता, नर्सिंगमधल्याच मोठ्या मोठ्या बायकांना वाटलं की ही नर्सिंग सोडून डॉक्टरांची शेपटी धरायला निघालीय. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन.

आता ‘गुपचूप करतच होत्या’ हे वाचल्यावर आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर येतंय का बघा. माझी दोन्ही भावंडं गावात सिस्टरच्या हातावर जन्मली. डॉक्टर तालुक्याला. आणि गावात आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आले नाहीत की त्यांचे कंपाउंडर त्याच पुड्या, त्याच रंगाचं औषध द्यायचे आणि गुण यायचा तर म्हणायचं डॉक्टरांच्या औषधानं आला. आईनं स्वतः किती सुया सिस्टरकडून घेतल्यात. पण ‘दाखवलं’ हे क्रियापद आपण डॉक्टरसाठी राखून ठेवलंय, सिस्टरकडं आपण फक्त ‘जाऊन येतो’.

बरं, भावना बाजूला, पुरावा काय आहे? बराच आहे, आणि पन्नास वर्षांचा आहे. कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या बर्लिंग्टन गावात दोन फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातली कुटुंबं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली, काही डॉक्टरांकडं, काही तिथल्याच दोन नर्स प्रॅक्टिशनरकडं, आणि वर्षभर बघितलं. १९७४ ला ते छापून आलं. तब्येतीत फरक नाही, मृत्यूत फरक नाही, आणि शंभरातल्या ६७ भेटी नर्सनं डॉक्टरला न विचारता निभावल्या. मग २००० साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या दवाखान्यांत १३१६ पेशंट असेच वाटले, सहा महिन्यांनी डायबेटिस, दमा यात फरक नाही, बीपीचा खालचा आकडा नर्सकडच्यांचा ८२ आणि डॉक्टरांकडच्यांचा ८५, म्हणजे झालाच तर थोडा बरा. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं जगभरच्या अशा १८ चाचण्या एकत्र करून बघितल्या, प्राथमिक उपचारात शिकलेल्या नर्सचे रिझल्ट बहुधा डॉक्टरांइतके किंवा किंचित चांगले, पेशंट जास्त खूश, आणि, हे लक्षात ठेवा, भेटी जास्त लांब.

इथपर्यंत वाचून नर्सच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतात आणि थांबतात. मला तिथं थांबवत नाही, कारण दुसऱ्या बाजूलाही कागद आहेत आणि ते फेकून देण्यासारखे नाहीत. २०२२ मध्ये दोन संशोधकांनी माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांमधल्या इमर्जन्सीचा अभ्यास मांडला, तिथं नर्स प्रॅक्टिशनरनं बघितलेल्या पेशंटचा मुक्काम ११ टक्के लांबला आणि पुढच्या तीस दिवसांत टाळता आलं असतं असं ॲडमिट होणं २० टक्के वाढलं. त्याच वर्षी मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गच्या एका मोठ्या क्लिनिकनं आपलाच हिशोब छापला, ज्या पेशंटची मुख्य जबाबदारी डॉक्टरऐवजी नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंटवर (डॉक्टर नसलेला, पण तसाच शिकून पेशंट बघणारा सहायक) होती त्यांचा खर्च माणशी महिन्याला ४३ डॉलर जास्त, कारण तपासण्या जास्त, स्पेशालिस्टकडं पाठवणं जास्त. आधी या क्लिनिकनंच हौसेनं ही पद्धत वाढवली होती, त्यामुळं दुश्मनी म्हणून छापलं असं म्हणता येत नाही.

मग खरं काय? मला वाटतं दोन्ही खरं. बर्लिंग्टनची नर्स डॉक्टरच्या शेजारच्या खोलीत होती, दार वाजवलं की उत्तर. न्यूयॉर्कमधल्यांच्या मागं कोलंबियाचे सगळे स्पेशालिस्ट होते. आणि या कामातला मोठा भाग ओळखीच्या पेशंटचा, चालू असलेल्या आजाराचा, बीपी, शुगर, लसी, सर्दी-खोकला. इमर्जन्सीत उलटं असतं, समोर अनोळखी माणूस, पोट दुखतंय म्हणतो, ते दुखणं गॅसचं आहे की हार्टचं आहे हे वीस मिनिटांत ठरवायचं. तिथं हजारो पेशंट बघितलेली नजर लागते आणि ती पुस्तकातून येत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या पोटात दुखायला लागलं, शनिवार संध्याकाळ, घराजवळच्या एका अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंट न घेता जायच्या दवाखान्यात गेलो. तिथं एकच नर्स प्रॅक्टिशनर, अगदी नवीन, अठ्ठावीस-तीसची असेल, बाहेर अकरा जण बसलेले. तिनं सहा मिनिटांत ॲसिडिटी म्हणून गोळी लिहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे हॉस्पिटलमध्ये, पित्ताशय सुजलेलं, खडे, ऑपरेशन. आता चुकली कोण? मी त्या मुलीवर खूप दिवस चिडून होतो. मग एकदा माझ्या नेहमीच्या बाईंना विचारलं की तुम्ही असता तर काय केलं असतं, तर त्या म्हणाल्या पोट दाबून नीट बघितलं असतं, आणि तरी शंका राहिली असती तर शेजारच्या केबिनमधल्या डॉक्टरला बोलावलं असतं. शेजारची केबिन! त्या मुलीच्या शेजारी फार्मसीची भिंत होती. विचारणार कुणाला? (डॉक्टरांकडूनही पित्ताशय सुटतं हे मला माहीत आहे, उगीच कमेंटमध्ये सांगू नका.)

तर माझं म्हणणं एवढंच आहे की नर्सनं पेशंट बघावा की नाही हा वाद माझ्यापुरता मिटलाय, बघावा. भांडायचं असेल तर तिला वेळ किती देणार आणि अडल्यावर तिनं हाक कुणाला मारायची यावर भांडा. सगळे चांगले रिझल्ट आले ते या दोन गोष्टी असताना आले आणि आता नर्स प्रॅक्टिशनर ठेवणारे बरेच जण नेमक्या याच दोन गोष्टी कापून पैसे वाचवतात, वर पुरावा म्हणून त्याच जुन्या चाचण्या दाखवतात.

पैशाचं गणित बघा म्हणजे कळेल. १९९७ च्या कायद्यापासून मेडिकेअर नर्स प्रॅक्टिशनरच्या भेटीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. पण तीच भेट डॉक्टरच्या देखरेखीखाली झाली असं दाखवून डॉक्टरच्या नावावर बिल केली तर पूर्ण १०० टक्के मिळतात, नियमात बसवून. म्हणजे कागदावर देखरेख आहे, प्रत्यक्षात तो डॉक्टर त्याच ऑफिसात दुसरे पेशंट बघत असतो. सरकारच्याच मेडिकेअर सल्लागार आयोगानं २०१९ मध्ये सांगितलं की ही पद्धत बंद करा, कोण कुणाला बघतंय तेच कळत नाही. पेशंटला काय फायदा? काही नाही, माझा कोपे, म्हणजे भेटीला खिशातून द्यायचा हिस्सा, डॉक्टरला तेवढाच आणि नर्सला तेवढाच. वाचलेला पैसा जातो मधल्यामध्ये. गंमत म्हणजे बर्लिंग्टनला १९७४ ला उलटं रडगाणं होतं, समाजाला स्वस्त पडत होतं पण नर्सच्या कामाचं बिलच लावता येत नसल्यामुळं दवाखाना तोट्यात गेला. तेव्हा नर्स परवडत नव्हती, आता नर्सच परवडते.

शिक्षणाच्या बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे, हे स्पष्ट सांगतो, भले नर्सिंगमधल्या मैत्रिणी रागावोत. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला प्रत्यक्ष पेशंटसोबतचे तास आता किमान ७५० लागतात, २०२२ च्या आधी ५०० होते. फॅमिली डॉक्टरची नुसती रेसिडेन्सी, म्हणजे कॉलेजनंतर पेशंट बघत शिकायचा काळ, तीन वर्षांची, आठवड्याला ६० तास धरले तरी नऊ हजारांच्या घरात जाते आणि त्याच्या आधीचं मेडिकल कॉलेज वेगळंच. पूर्वी नर्स प्रॅक्टिशनर व्हायची ती दहा-पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली बाई असायची, तिच्या ५०० तासांच्या मागं आयुष्याचा अनुभव उभा असायचा. आता नर्सिंगची डिग्री झाली की लगेच ऑनलाइन मास्टर्स, प्रत्यक्ष कामाची जागा आणि शिकवणारा माणूस बऱ्याचदा विद्यार्थिनीनंच शोधायचा, त्यासाठी पैसेही मोजायचे, आणि थेट खुर्चीत. माझ्या मते नवीन नर्स प्रॅक्टिशनरला एक-दोन वर्षं पगारी रेसिडेन्सी सक्तीची करायला पाहिजे. काही ठिकाणी ती आहे, पण ऐच्छिक.

पण डॉक्टरांच्या संघटनेची दुसरी ओरड मला पटत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन दरवर्षी राज्याराज्यांत या कायद्यांना विरोध करते, पेशंटच्या सुरक्षिततेचं नाव घेते, आणि त्याच वेळी मेडिकल कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं दोन-दोन लाख डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन फॅमिली मेडिसिन सोडून त्वचेकडं, हाडांकडं, भूल देण्याकडं पळतात. दोष नाही देत, मीही पळालो असतो. पण खेड्यातली खुर्ची रिकामी ठेवायची आणि दुसऱ्याला बसूही द्यायचं नाही, हे जमणार नाही ना. सुरक्षितता म्हणाल तर साडेतीन महिने बीपीच्या गोळीशिवाय राहणं कितपत सुरक्षित होतं?

आणि एक छोटी गोष्ट जी मला मोठी वाटते, नाव. काही नर्स प्रॅक्टिशनरनी डॉक्टरेट केलेली असते आणि त्या दवाखान्यात स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतात. डिग्री खरी आहे, मान्य, माझ्या ऑफिसात तीन पीएचडी आहेत. पण गाउन घालून टेबलावर बसलेल्या माणसाला डॉक्टर म्हटलं की एकच अर्थ कळतो. काही राज्यांनी यावर कायदे केलेत ते बरंच झालं. माझ्या बाईंनी पहिल्याच मिनिटाला स्वतःच सांगितलं होतं की मी नर्स प्रॅक्टिशनर आहे, डॉक्टर हवे असतील तर सांगा, आणि त्या एका वाक्यानं माझा निम्मा संशय गेला होता.

आता आईच्या प्रश्नाकडं येतो, कारण तो प्रश्न महाराष्ट्रातही आहे, नाव वेगळं आहे एवढंच. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं, त्यात दीड लाख उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रं सुधारायची ठरली, त्यांनाच २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. उपकेंद्र म्हणजे सपाटीवर पाच हजार, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागं एक. तिथं पूर्वीपासून एएनएम सिस्टर होत्या, त्यांच्या जोडीला समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ आले. नर्सिंगवाले किंवा आयुर्वेदाचे पदवीधर घ्यायचे, सहा महिन्यांचा कोर्स द्यायचा, आणि बीपी, शुगर, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, ताप-खोकला, सगळं गावातच बघायचं. कागदावर ही फोर्डबाईंचीच कल्पना आहे.

आणि आपल्याला हे नवीनही नाही. जुन्या लोकांना एलसीपीएस डॉक्टर आठवत असतील, कमी वर्षांचा कोर्स केलेले, तालुक्याच्या गावात अख्खी हयात घालवलेले. १९४६ च्या भोर समितीनं म्हटलं की देशात डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, पूर्ण शिकलेला, आणि हे धाकटे डॉक्टर हळूहळू संपले. हेतू उदात्त होता, खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का? पण त्या पूर्ण शिकलेल्या डॉक्टरला पुण्या-मुंबईतून खेड्यात कसं न्यायचं हे कोडं अजून सुटलेलं नाही. मधल्या काळात जामखेडला १९७० पासून आरोळे पती-पत्नींनी अगदी न शिकलेल्या बायकांना तयार करून दाखवलं, गडचिरोलीत बंग पती-पत्नींच्या आरोग्यदूत बायकांनी नवजात बाळांचा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग घरातच हाताळला, इंजेक्शनसकट, आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्के कमी झाला, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. यावर ‘खेड्यातल्या बायकांच्या हातात इंजेक्शन!’ म्हणणारे कमी नव्हते. पण नीट बघा, त्या बायकांच्या हातात मोजकं काम होतं, ते त्यांना पुन्हा पुन्हा शिकवलं होतं, आणि मागं सुपरवायझर होता, डॉक्टर होता, हॉस्पिटल होतं. परत तेच, शेजारची केबिन.

छत्तीसगडमध्ये तर तीन वर्षांचा कोर्स केलेल्या ग्रामीण वैद्यकीय सहायकांची एमबीबीएस डॉक्टरांशी तुलनाही झालीय, आरोग्य केंद्रात येणाऱ्या नेहमीच्या आजारांत ते त्यांच्या बरोबरीचे निघाले. कोर्स तोपर्यंत बंदही झाला होता, ते जाऊ दे.

मग २०१९ ला नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा आला, त्याच्या कलम ३२ मध्ये अशा मधल्या फळीतल्या लोकांना मर्यादित परवाना द्यायची तरतूद होती. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेनं ३१ जुलैला देशभर ओपीडी बंद ठेवल्या, खेड्याच्या माथी अर्धवट डॉक्टर मारताय म्हणून. आणि आपल्याच राज्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरांना वर्षभराचा फार्माकॉलॉजीचा कोर्स देऊन ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यायची का यावर २०१४ पासून कोर्ट, मोर्चे, संप चालूच आहेत, २०२५ ला पुन्हा पेटलं. या दोन्ही भांडणांत एक गोष्ट बघा, भांडण चाललंय ते रजिस्टरमध्ये नाव कुणाचं यावर. त्या माणसाला वेळ किती, त्याची हद्द कुठली, अडला तर फोन कुणाला, हे कुणाच्याच निवेदनात नसतं. वर्षाच्या कोर्सवर सगळं शेल्फ मोकळं करायला माझा विरोधच आहे, पण नर्सला बीपीची ठरलेली तीन औषधं ठरलेल्या नियमानं सुरू करू द्यायला काय हरकत आहे? आज सीएचओ बीपी तपासते, वाढलेलं दिसतं, पण पहिली गोळी सुरू करायचा अधिकार पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरचा. ती पाठवणार, म्हातारी माणसं जाणार नाहीत, एसटी दोनच. ई-संजीवनीवरून डॉक्टरला व्हिडिओवर गाठायची सोय केलीय, ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण शेजारची केबिन मोबाईलमध्ये आली. पण डॉक्टर पलीकडं असला पाहिजे आणि रेंज पाहिजे.

आणि सीएचओचा दिवस जातो कशात? माझी मामेबहीण हे काम करते, तिचं गाव सांगत नाही. ती म्हणते दादा, पेशंटपेक्षा पोर्टल जास्त बघते मी. पगार पंचवीस हजार आणि वर पंधरा हजारांपर्यंत कामगिरीप्रमाणे, आणि ती कामगिरी मोजायची कशी तर पोर्टलवरच्या आकड्यांनी, म्हणजे किती जणांची नोंद झाली, किती योगाची सत्रं झाली. कोण किती वेळ पेशंटपाशी बसलं याचा रकाना नाही. कंत्राटी नोकरी, त्यामुळं रकाने भरायचे आणि गप्प बसायचं. अमेरिकेत वेळ कापला तो नफ्यासाठी, इथं कापला तो रिपोर्टसाठी, समोर बसलेल्या माणसाला दोन्हीकडं सहाच मिनिटं.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. जायच्या आधी एकदा तिला घेऊन गेलो माझ्या बाईंकडं, तिच्या गुडघ्याचं काही नाही, नुसती ओळख म्हणून, आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन विचारलं की लोणचं तुम्हीच घालता का. मी मध्ये दुभाषा. आई बाहेर आल्यावर म्हणाली बाई बरी आहे, पण एवढ्या शिकल्या तर सरळ डॉक्टरच का नाही झाल्या?

परवा फोनवर सहज विचारलं, आता बीपी कुठं दाखवतेस. म्हणाली, आपल्या उपकेंद्रात नवीन पोरगी आलीय, नर्सिंगची, तिलाच. दर महिन्याला बोलावते, नाही गेलं तर आशाताईला घरी पाठवते. मी म्हटलं, म्हणजे नर्सला दाखवतेस होय? तर हसली. मग म्हणाली, गोळ्या मात्र दोन महिने झाले आल्याच नाहीत तिच्याकडं, त्या पोरीनं कागदावर नाव लिहून दिलं आणि मी मेडिकलमधून आणल्या.